दहा किलोंचा डौल

रिमोटवर चालणारी गाडी म्हटली की डोळ्यांसमोर साधारण एकच चित्र येतं: लाल रंगाचं, पेन्सिल सेलवर चालणारं, सोफ्याच्या पायावर आपटून थांबणारं आणि चौथ्या दिवशी कपाटावर जाऊन बसणारं काहीतरी. भाच्याने आणलेला ट्रक या चित्रात कुठूनच बसत नव्हता. मुळात तो उचलावा लागतो, तोही दोन्ही हातांनी, गुडघे वाकवून. बॅटऱ्या घातल्यावर वजन जातं दहा किलोंच्या आसपास, म्हणजे दुकानातून येणाऱ्या आट्याच्या मोठ्या पिशवीइतकं. लांबी जवळजवळ ७८ सेंटीमीटर, रुंदी ५४, चाकं आठ इंचांची. ट्रॅक्सस या अमेरिकी कंपनीने २०१५ साली काढलेलं हे एक्स-मॅक्स नावाचं मॉडेल. किंमत भाच्याने अजून त्याच्या आईला सांगितलेली नाही, तेव्हा इथेही नको.

ट्रक घेऊन लिफ्टमध्ये शिरलात की मुंबईकर दोन प्रश्न विचारतो. पहिला, "स्पीड किती?" त्याचं उत्तर (पूर्ण ताकदीच्या बॅटऱ्यांवर ताशी ८० किलोमीटर) ऐकून माणूस मान डोलावतो, पण ते उत्तर त्याला फारसं नको असतं. खरा प्रश्न दुसरा असतो, "ठेवता कुठे?" त्यावरून समोरच्याचं घर किती खोल्यांचं, माळा आहे का, बायको काही बोलत नाही का, सगळं एका दमात कळतं. हा ट्रक माळ्यावर गणपतीच्या मखराशेजारी राहतो. बॅटऱ्या मात्र माळ्यावर नाहीत. लिथियम पॉलिमरचे आठ सेल, पूर्ण चार्ज झाला की प्रत्येक सेल ४.२ व्होल्टचा. हा प्रकार नीट वागवला तर गरीब आणि बिघडला तर पेट घेणारा. म्हणून चार्जिंग बाल्कनीत, आगीला दाद न देणाऱ्या पिशवीत, आणि घरात कोणीतरी जागं असतानाच. हा शेवटचा नियम माझ्या बहिणीचा. तो कुठल्याही माहितीपुस्तकाइतकाच बरोबर आहे.

आता पळवायचा कुठे? शिवाजी पार्कात रविवारी एका सामन्याच्या लाँग ऑनजवळ दुसऱ्या सामन्याची स्लिप उभी असते. ओव्हलवरही तीच तऱ्हा. अक्साचा किनारा ओहोटीच्या वेळी टणक आणि मोकळा दिसतो, मोह होतो, पण ट्रकचं इलेक्ट्रॉनिक्स पाण्याला दाद देत नसलं तरी स्टीलच्या बेअरिंगांना समुद्र मानवत नाही. आरेत बिबट्यांनी आधीच नंबर लावलेला. राहता राहिला पार्ल्यातल्या आमच्या गल्लीतला प्लॉट. जुनी तीन मजली इमारत पाडून झाली आहे, नवी अजून कागदावर आहे, चारी बाजूंनी निळे पत्रे. मुंबईत जमीन नुसती जमीन म्हणून बघायला मिळते ती या मधल्या काळातच. वर्षानुवर्षं ज्या जागेवर लोकांची स्वयंपाकघरं होती तिथे आता राडारोड्याचे उंचवटे, मुरमाचा एक मोठा ढीग, पावसाळ्यात उगवून सुकलेलं गवत आणि एका कोपऱ्यात कुणाच्या तरी न्हाणीघराची पांढरी टाइल असलेली अर्धी भिंत. खऱ्या गाड्यांना ही जागा निकामी आहे. या ट्रकसाठी मात्र कुणी मुद्दाम तयार करून ठेवल्यासारखी. रखवालदार काकांची परवानगी एका चहात मिळाली.

रिमोट हे नावही आता जुनंच म्हणायचं. हातात येतो तो पिस्तुलासारखा मुठीचा ट्रान्समीटर. तर्जनीखाली ट्रिगर: ओढला की पुढे, ढकलला की ब्रेक, सोडून पुन्हा ढकलला की मागे. उजव्या अंगाला स्पंज लावलेलं छोटं चाक, ते स्टिअरिंग. पूर्वी अशा गाड्या २७ मेगाहर्ट्झवर चालायच्या आणि शेजारच्या पोराच्या गाडीचा क्रिस्टल, म्हणजे कुठल्या लहरीवर बोलायचं ते ठरवणारा तुकडा, तोच निघाला तर तुमची गाडी त्याचं ऐकायची. आता २.४ गिगाहर्ट्झवर रिसीव्हर आपल्या एकाच ट्रान्समीटरशी बांधलेला असतो. आजूबाजूच्या इमारतींमधून घराघरातलं वायफाय त्याच पट्ट्यात गजबजलेलं, त्यातूनही तो आपला आवाज ओळखतो. निकोला टेस्लाने १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या टाकीत रेडिओवर छोटी बोट चालवून दाखवली होती. त्या वेळी हवेत दुसरं बोलणारं जवळजवळ कुणी नव्हतं. त्याला गर्दीची कल्पनाच नसणार.

"मामा, ओढू नकोस. बोट नुसतं टेकव," भाचा म्हणाला.

टेकवलं. आणि ट्रक निघाला.

माझी अपेक्षा होती की तो सुटेल, उंदरासारखा, आणि आपण त्याच्या मागे धावू. वेगाची तयारी मी मनाशी करून आलो होतो. सावकाशीची केली नव्हती. आधी मागची बाजू किंचित बसली, नाक वर आलं, शॉक ॲब्सॉर्बरनी भार घेतला, मग टायरांनी मुरूम पकडला आणि तो सगळा ऐवज पुढे सरकला. विटांच्या तुकड्यांवरून जाताना एक एक चाक वेगळं उठत होतं आणि वरचं धड जवळजवळ सरळ. वळला तेव्हा बाहेरच्या बाजूला कलला, मग परत आला. त्याला जणू घाई करण्याचं काही कारण नव्हतं. खेळण्यांना असा डौल नसतो. खेळणी थरथरतात.

असं का, हे भाच्याने सांगितलं नाही. त्याला ते सवयीचं झालंय. मला मात्र रात्री उशिरापर्यंत तेच डोक्यात होतं आणि शेवटी शाळेतल्या पडणाऱ्या वस्तूंच्या सूत्रापाशी येऊन थांबलो. गाडी लहान करता येते, रस्त्यावरचा दगड लहान शोधता येतो, पण गुरुत्वाकर्षण लहान करता येत नाही. छोटी गाडी पाच सेंटीमीटरच्या उंचवट्यावरून उडाली तर खाली यायला तिला सेकंदाचा दहावा भाग पुरतो. डोळ्याला ते पडणं दिसतच नाही, नुसता थरकाप दिसतो. हा ट्रक मुरमाच्या ढिगावरून ८० सेंटीमीटर वर गेला, तर त्याला नुसतं खाली यायला ०.४ सेकंद लागतात आणि वर जाताना तेवढेच. एवढ्या वेळात डोळ्याला चाकं लोंबताना दिसतात, पोट दिसतं, तो खाली कसा येणार याची काळजीसुद्धा करता येते. सिनेमावाले हे फार आधीपासून जाणतात. पूल कोसळण्याचं दृश्य छोट्या प्रतिकृतीवर घ्यायचं असेल तर ते कॅमेरा जास्त वेगाने चालवून टिपतात आणि पडद्यावर सावकाश दाखवतात, म्हणजे तो हातभर पूल शंभर फुटी वाटतो. मोठेपणा आपण मापाने ओळखतो असं वाटतं, पण डोळा तो वेळेवरून ओळखतो.

या सगळ्या कुळाचा मूळपुरुष अर्थात खरा आहे. मिसुरीतल्या बॉब चँडलर नावाच्या गृहस्थाने आपला फोर्ड एफ-२५० पिकअप उंच करत नेला, त्याला अवाढव्य टायर लावले, नाव ठेवलं बिगफूट, आणि १९८१ मध्ये एका शेतात तो दोन भंगार मोटारींवरून चालवला. जाहिरातीसाठी केलेल्या त्या उद्योगातून मॉन्स्टर ट्रकांचा अख्खा धंदा उभा राहिला. खेळण्यांच्या जगात ते लोण लगेच पोचलं. जपानच्या तामियाने १९८७ मध्ये क्लॉड बस्टर आणला, दोन मोटरींचा, चारही चाकं वळणारा. मोटारी चिरडण्यात कसला आनंद, असं मला आधी वाटायचं. अजूनही तसंच वाटतं. पण तो ट्रक मोटारीच्या बॉनेटवर चढताना जो एक क्षण थांबल्यासारखा होतो, त्यासाठी लोक तिकीट काढत असावेत.

डौलाची किंमत असते, ती वजनात मोजावी लागते. कुठलीही वस्तू लांबीरुंदीउंचीने दुप्पट केली की वजन आठपट होतं, पण तिच्या दांड्यांची जाडी, म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ, चारपटच वाढतं. गॅलिलिओनं १६३८ मध्येच हे मांडून ठेवलंय. म्हणून टेबलावरून पडलेल्या लहान गाडीला काही होत नाही आणि हा ट्रक वेडावाकडा पडला तर चाकाचे हात मोडतात. ते हात नायलॉनचे असतात, मुद्दाम वाकण्यासाठी, तरी मोडतात. आणि समोर माणूस असला तर? मी कागदावर गणित मांडलं. दहा किलोंचा ट्रक ताशी ५० किलोमीटरने येत असेल, तर त्याच्यातली ऊर्जा ताशी १४० किलोमीटरने टाकलेल्या क्रिकेट चेंडूच्या आठपट भरते. चेंडूला निदान पॅड असतात. इथे समोर नडगी असते. भाचा ट्रेनिंग मोडवर, म्हणजे अर्ध्या ताकदीवर, ट्रक माझ्या हाती देतो तेव्हा मी मुळीच अपमान मानत नाही. पत्र्याच्या फटीतून आत डोकावणारी पोरं दिसली की तो आधी ट्रक थांबवतो, मग बोलतो. वयाच्या विशीत ही अक्कल सगळ्यांना नसते.

हवेतली एक गंमत मात्र सांगायलाच हवी. ट्रक उडाला की जमिनीशी संबंध संपतो, ट्रिगरचा संपत नाही. हवेत असताना ट्रिगर ओढला तर चाकं पुढे जोरात फिरतात आणि त्याची भरपाई म्हणून धड उलट दिशेला वळतं, नाक वर जातं. ब्रेक मारला तर नाक खाली. म्हणजे चारही चाकांवर उतरायचं की तोंडावर, हे उड्डाण झाल्यानंतर ठरवायची सोय आहे. भाचा हे बोटाच्या टोकाने, गप्पा मारत करतो. इतकं करूनही उलटा पडलाच, तर एक बटण दाबायचं. ट्रक पाठीवर पडल्या पडल्या चाकांना पुढे-मागे झटके देत डोलायला लागतो आणि एका झोक्यात सरळ होतो. हे बघताना हसू येतं आणि थोडी कीवही येते, डौल तेवढ्यापुरता पार गेलेला असतो.

पण सगळ्यात विचित्र गोष्ट आहे ती स्टिअरिंगची. ट्रक तुमच्यापासून लांब जात असतो तोवर उजवं ते उजवं. तो वळून तुमच्याकडे यायला लागला की तुमच्या हातातलं उजवं त्याला तुमच्या डाव्या बाजूला नेतं. सगळे नवखे इथेच गडबडतात. युक्त्या पुष्कळ सांगतात लोक. भाचा म्हणतो, मनाने ट्रकमध्ये जाऊन बस. बसायला हरकत नाही, पण खऱ्या गाडीत बसलेल्या माणसाला सीट काहीतरी सांगत असते, पाठीला कळतं, कानाला कळतं. इथे चाळीस फुटांवरून नुसत्या डोळ्यांनी बसायचं. ज्या शहरात निम्मं आयुष्य दुसऱ्या कुणीतरी चालवलेल्या लोकलमध्ये उभं राहून जातं, तिथल्या माणसाला गाडीत नसताना गाडीत असणं जड जातं. गाडीत असताना गाडीत नसणं त्याला उत्तम जमतं.

रखवालदार काका हे सगळं खुर्चीवरून बघत होते. त्यांचे प्रश्न वेगळे. हा किती माल उचलतो? पाण्याचा कॅन आणेल का कोपऱ्यावरून? नांगर जोडता येईल? एकाही प्रश्नाचं उत्तर भाच्याला समाधानकारक देता येईना. मग तो म्हणाला, "काका, चालवून बघता का?" काकांनी हात पँटला पुसले, ट्रान्समीटर घेतला, एकदा चाक इकडेतिकडे फिरवून पुढची चाकं कशी वळतात ते पाहिलं, आणि ट्रक थेट अर्ध्या भिंतीपर्यंत नेऊन, वळवून, सरळ रेषेत आपल्या पायापाशी आणून उभा केला. उजव्या-डाव्याचा घोळ नाही, काही नाही.

भाच्याचं तोंड उघडंच. "आधी चालवलाय का काका?"

"ह्यो कुठनं चालवणार? ट्रॅक्टर चालवलाय. साताऱ्याकडं, उसाच्या सीझनला. ट्रॉली मागं घ्यायची म्हंजी स्टेरिंग उलटंच मारावं लागतं की."

मग त्यांनी तो मुरमाच्या ढिगावर घातला. उडवला नाही. तिरका घेतला, चढाला अंदाज घेत घेत, चाक घसरायला लागलं की ट्रिगर सोडून, पुन्हा धरून. दगड आडवा आला तर वळसा. वर पोचल्यावर थांबवला, बघितलं, आणि ब्रेकवर बोट ठेवून पलीकडे उतरवला. सकाळपासून आम्ही ज्याला डौल म्हणत होतो तो यापुढे पोरकट वाटला.

"अजून दाबा ना काका! फुल द्या," भाचा ओरडला.

"माल सांडंल."

"अहो, ह्यात माल कुठाय?"

"नसंना का," काका म्हणाले आणि पुन्हा चढाला लागले.

बॅटरी उतरली की ट्रक सेल वाचवण्यासाठी आपणच थांबतो. तो थांबला तेव्हा ढिगाच्या बरोबर टोकावर होता, आणि त्याला खाली आणायला भाच्यालाच चपला हातात घेऊन वर चढावं लागलं.