आईनं कसं निभावलं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. बाबा गेले तेव्हा भेटायला आलेल्या बायकांपैकी निम्म्याजणींनी मला जवळ घेऊन हेच विचारलं होतं, "दृष्टी गेलेल्या माणसाबरोबर तुझ्या आईनं इतकी वर्षं कसं गं निभावलं?" आई होती तेव्हा तिलाही हळदीकुंकवाला, लग्नाच्या पंगतीत कुणी ना कुणी विचारायचंच. ती म्हणायची, "आमचं बरं चाललंय," आणि दुसरा विषय काढायची. मला ते अर्धंच उत्तर वाटतं.

बाबा सॅपर होते, म्हणजे लष्करात सुरुंग पेरण्या-काढण्याचं काम करणारे जवान, खडकीला तयार झालेले. १९७१ चं युद्ध डिसेंबरात थांबलं, पण पेरलेले सुरुंग जमिनीतच राहिले आणि ते काढायचं काम पुढे कित्येक महिने चाललं. हाताशी नकाशा असतो, पण पावसानं माती सरकली की नकाशाचा भरवसा नसतो. मग जमिनीवर पालथं पडून अणकुचीदार सळई तिरकी खुपसत जायचं, हाताला काही कठीण लागतंय का ते बघायचं, आणि लागलं की बोटांनी माती बाजूला करायची. बाबा सांगायचे, "सुरुंग काढताना डोळ्यांचा उपयोग कमीच. बोटं आणि मोजणं." १९७२ च्या जानेवारीत शेजारच्या पट्ट्यात एक सुरुंग फुटला. त्यांचे दोन्ही डोळे गेले. ते पंचविशीत होते आणि लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती.

आई साताऱ्याहून पुण्याच्या लष्करी रुग्णालयात पोचली, तेव्हा बाबांच्या चेहऱ्याला पट्ट्या होत्या. तिच्यानं काही बोलवेना. तेच म्हणाले, "नव्या बांगड्या भरल्यास का? आवाज वेगळा येतोय." गावापासून आवरून धरलेलं रडू तेव्हा फुटलं, असं आई सांगायची.

पुढचं थोडक्यात सांगते. डेहराडूनला ब्रेल आणि टेलिफोन बोर्डाचं शिक्षण, मग फोर्टातल्या एका बँकेत टेलिफोन ऑपरेटरची नोकरी आणि नायगावच्या बीडीडी चाळीतली एकशे साठ चौरस फुटांची खोली. रस्त्यानं जाताना आई कधी त्यांचा हात धरून ओढायची नाही. ती कोपर पुढे करायची, बाबा ते धरून अर्धं पाऊल मागे चालायचे. हे तिला कुणी शिकवलं मला ठाऊक नाही, पण आम्हा भावंडांना तिनं ते पाढ्यांच्या आधी शिकवलं. खोलीत स्टूल जागचं हललेलं दिसलं की धपाटा ठरलेला.

इथपर्यंतचं तुम्हाला अंदाजानं कळलंच असेल. निभावलं म्हणता ते हेच. पण २००९ नंतरचं कुणी विचारत नाही.

आईला साखरेचा आजार होता. इन्सुलिन सुरू झालं तोवर तिची नजर इतकी अधू झाली होती की इन्सुलिन टोचायच्या पेनावरचा डोसाचा आकडा तिला वाचता येईना. हातही थरथरायचा. मी डोंबिवलीला, भाऊ नाशिकला. नर्स ठेवू म्हटलं तर बाबा म्हणाले, "मी देतो." त्या पेनाची चकती फिरवली की दर युनिटला टक् असा बारीक आवाज होतो आणि बोटाला हलका झटका लागतो. डॉक्टर तयार होईनात. नुसत्या आवाजावर डोस ठरवू नये, असं कंपनीच सांगते, म्हणाले. त्यांचं बरोबर होतं. शेवटी बाबांनी चकती फिरवायची आणि शेजारच्या मुलीनं आकडा बघितल्याशिवाय सुई टोचायची नाही, असं ठरलं. ती मुलगी कॉलेजला जाऊन नोकरीला लागली तरी सकाळ-संध्याकाळ डोकावायची. बाबांचा आकडा कधी चुकला नाही, असं ती अजून सांगते.

मी कितीदा तरी समोर बसून बघितलंय. आधी दोन युनिट हवेत सोडायचे, सुईच्या टोकाशी ओल आली का ते मनगटाजवळ नेऊन बघायचे. मग चौदा टक्. मध्येच कुकरची शिट्टी झाली तर चकती उलटी फिरवून शून्यावर आणायची आणि पहिल्यापासून मोजायचं. गणपतीत चाळीखाली ढोल वाजत असले की खिडकी बंद आणि पेन थेट कानाशी. आई तोवर पदर सावरून गप्प बसलेली. एरवी दिवसभर बोलणारी बाई, पण तेवढा वेळ श्वाससुद्धा हळू घ्यायची. सुई टोचली की बाबा दहापर्यंत मोठ्यानं मोजायचे, आणि दहा म्हणताच आई म्हणायची, "झालं? आता चहा."

नऊ वर्षं, दिवसातून दोनदा. २०१८ मध्ये आई गेली. तीन वर्षांनी बाबा.

खोली आवरताना ट्रंकेत जाड कागदाच्या सहा वह्या सापडल्या. रोज रात्री बाबा ब्रेलच्या पाटीवर कागद अडकवून टोचत बसायचे. बँकेतल्या मित्रांना पत्रं लिहीत असतील, असं मला वाटायचं. ब्रेलमधले आकडे त्यांनी लहानपणी शिकवले होते, त्यामुळे तारखा आणि चौदा, चौदा, सोळा, चौदा हे लगेच लागलं. आकड्यांपुढची अक्षरं मी तक्ता समोर ठेवून डोळ्यांनी वाचते, माझ्या बोटांना जमत नाही. आत्ता तिसरी वही चालू आहे. काल एवढं लागलं: "१४. वरणभात खाल्ला. माझ्यावर चिडली. रात्री पाय दुखले, चोळून दिले. झोप लागली."