आजोबांच्या दुनळीचा गंज

परवान्याचे कागद हातात आल्यावर आजोबांची दुनळी बंदूक मी पहिल्यांदा खोळीतून बाहेर काढली. जाड कापडी खोळीचं अस्तर नळ्यांना जिथं जिथं चिकटलं होतं, तिथं तिथं गंजाचे पापुद्रे धरले होते. कापड हवेतला ओलावा शोषतं आणि तो लोखंडाला लावून ठेवतं. जपायला म्हणून घातलेली खोळच इतकी वर्षं तिला खात होती.

बंदूक उघडायची तर किल्ली सरकवून नळ्या खाली झुकवाव्या लागतात. किल्ली जागची हलेना. म्हणजे आत काडतूस आहे की नाही, हे बघायचीच सोय नव्हती. बाबा म्हणाले, "अरे, किती वर्षांत कुणी हात लावलेला नाही तिला. रिकामीच असणार." पण उघडून पाहिलेली नाही ती बंदूक भरलेलीच धरायची, हे मी पक्कं ठरवलं होतं. किल्लीवर जोर लावला नाही, घोड्यांना हात लावला नाही. तशीच एका जाणत्या कारागिराकडे नेली.

त्यांनी लाकडाची गोल काठी नळीच्या तोंडातून अलगद आत सोडली, तोंडापाशी पेन्सिलीनं खूण केली आणि मग तीच काठी बाहेरून नळीला लावून धरली. उजव्या नळीत ती पार मागच्या टोकापर्यंत गेली होती. डावीत चार बोटं अलीकडेच अडली होती. एका काडतुसाएवढं अंतर. बाबा शेजारीच उभे होते, ते एक शब्द बोलले नाहीत. सांध्यात झिरपणारं तेल सोडून तीन दिवसांनी कारागिरांनी बंदूक उघडली. काडतुसाचं पितळी बूड हिरवं पडलं होतं.

ते बाहेर निघाल्यावरच खरं काम सुरू झालं. जुन्या बंदुकांच्या स्क्रूंच्या खाचा अगदी अरुंद असतात. बाजारातला साधा स्क्रू-ड्रायव्हर टोकाला निमुळता असतो, तो खाचेत पुरता बसत नाही आणि जोर लावला की खाचेच्या कडा उचकटतो. कारागिरांनी प्रत्येक स्क्रूसाठी पातं घासून खाचेत घट्ट बसेल असं करून घेतलं. एका स्क्रूवर आम्ही दोन दिवस घालवले. तेल, थोडी ऊब, पुन्हा तेल. शेवटी तो एक बारीक 'कट्' आवाज करून सुटला.

माझी चूक इथंच झाली. चापाभोवतालच्या कडीवरचा गंज मी घरी पॉलिशपेपरनं घासला. दहा मिनिटांत लोखंड चकचकीत झालं आणि त्यावरची वेलबुट्टी अर्धी पुसली गेली. ती परत येणार नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. पुढचं सगळं मी तेल लावून, सगळ्यात बारीक स्टील-वुलनं, म्हणजे केसासारख्या पोलादी तारांच्या बोळ्यानं केलं. वरचा सैल लाल गंज निघतो आणि खालचा धातू शाबूत राहतो. दोन तास घासल्यावर तळहाताएवढी जागा साफ व्हायची. कोरीव रेघांमधला मळ मी मऊ दातांच्या ब्रशनं काढला.

नळ्या साफ झाल्या तेव्हा त्यांच्यावर पुसट नागमोडी रेषा दिसू लागल्या. आधी मला ते ओरखडे वाटले. ते दमास्कसचं काम होतं. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, गजाभोवती गुंडाळून, तापवून ठोकून जोडायच्या आणि त्याची नळी करायची, अशी ती जुनी रीत. बंदूक सुंदर आहे हे कळलं आणि ती वाजवायची नाही हेही त्याच वेळी ठरलं. या नळ्यांना लांबच लांब जोड असतात, त्यांच्या आत गंज कुठवर शिरला आहे हे बाहेरून दिसत नाही. शिवाय त्या काळ्या दारूच्या काळातल्या, आणि आजची बिनधुराची दारू त्यांच्यासाठी नाही. आत उजेड टाकून पाहिलं तर डाव्या नळीत खड्डेही होते.

रंग चढवण्याची रीत ऐकून मी चकितच झालो. कॉस्टिकच्या उकळत्या द्रावणात बुडवून झटपट काळा रंग येतो, पण दुनळीच्या दोन नळ्या मऊ डाकानं, म्हणजे सहज वितळणाऱ्या धातूनं जोडलेल्या असतात आणि ते द्रावण डाक खातं. त्यामुळे इथं मुद्दाम गंजच चढवावा लागतो. नळ्यांवर तेलाचा अंशही ठेवायचा नाही, उघडं बोट लागलं तरी डाग उठतो. मग गंज आणणाऱ्या द्रावणाचा पातळ हात देऊन दमट पेटीत ठेवायचं. काही तासांनी अंगभर नारिंगी मखमल आल्यासारखी दिसते. त्या नळ्या स्वच्छ पाण्यात उकळल्या की डोळ्यांदेखत नारिंगीचा काळा होतो. लाल गंजाचं काळ्या ऑक्साइडमध्ये रूपांतर होतं. वरची भुकटी घासून काढायची आणि पुन्हा पहिल्यापासून. आम्ही आठ वेळा केलं. लोखंड आणि पोलाद सारखं गंजत नसल्यामुळे दर खेपेला त्या नागमोडी रेषा अधिक गडद होत गेल्या. आठव्यांदा नळ्या पाण्यातून वर काढल्या तेव्हा बाबांनी त्या खिडकीपाशी नेऊन बराच वेळ फिरवून पाहिल्या.

लाकडी दस्त्याचं काम सोपं होतं. पोचे ओलं फडकं आणि गरम इस्त्रीनं वर आले. मुठीजवळची जाळी आजोबांच्या हातानं झिजून गुळगुळीत झाली होती. ती पुन्हा कोरायला कारागीर तयार होते, मी नको म्हटलं. पण दस्ता जिथं लोखंडाला भिडतो, तिथलं लाकूड काळंमिट्ट आणि मऊ पडलं होतं. आजोबा बंदूक नेहमी दस्ता खाली टेकवून उभी करायचे आणि भरपूर तेल द्यायचे. ते तेल वर्षानुवर्षं ओघळून लाकडात मुरत गेलं होतं. खडूची भुकटी अ‍ॅसिटोनमध्ये कालवून लेप द्यायचा, वाळला की झटकायचा, असं कितीदा केलं याची मोजदाद नाही. दर लेप तपकिरी होऊन निघे.

आता तेल अगदी चिमूटभर, फडक्याला लागेल एवढंच. खोळ काढून टाकली आहे. कुलपाच्या कपाटात ती नळ्यांचं तोंड खाली करून उभी असते, खाली एक घडी केलेलं फडकं. महिन्यातून एकदा ते फडकं काढून मी बघतो, तेलाचा डाग त्यावरच पडलेला असतो.