मँचेस्टरमधली रॉकची रद्दी

इथे रद्दीवाला नाही, पेपर थेट रिसायकलिंगच्या डब्यात जातात, आणि माझ्या नव्या नादाचं सगळं दुखणं तेच आहे. नाद म्हणजे जुने ब्रिटिश म्युझिक पेपर जमवायचे. मेलडी मेकर १९२६ पासूनचा, एनएमई (न्यू म्युझिकल एक्सप्रेस) १९५२ पासूनचा, साउंड्स १९७० चा, दर आठवड्याला निघायचे, साध्या न्यूजप्रिंटवर, म्हणजे आपल्याकडच्या रोजच्या पेपरसारखेच. साठच्या दशकात एनएमईचा खप तीन लाखांपर्यंत गेला होता, पण वाचून झाला की गेला कचऱ्यात, त्यामुळे आता शोधत बसावं लागतं. पोस्टरसाठी पोरांनी फोटो कापलेले असतात, मागच्या कूपनच्या जागी भोक असतं, आणि १९७२ मध्ये एनएमईने रोलिंग स्टोन्स बँडची फ्लेक्सी डिस्क, म्हणजे पातळ लवचिक रेकॉर्ड, फुकट दिली होती त्या अंकात नेमकी डिस्क नसते.

माझी शोधाशोध रविवारी सकाळी कार बूट सेलला. लोक गाडीची डिकी उघडून घरातलं जुनं सामान विकतात, भाव करायला लाजायचं नाही, आपल्याला कोण शिकवणार ते! तिथले म्हातारे बोलके असतात पण त्यांचं सगळं खरं धरू नका, सेक्स पिस्टल्स या पंक (रांगड्या, साध्या रॉकच्या) बँडच्या ४ जून १९७६ च्या इथल्या गिगला, म्हणजे कार्यक्रमाला, आपण हजर होतो असं निम्मं मँचेस्टर सांगतं, आणि हॉल तर छोटासाच होता.

त्या गिगची गोष्ट पण पेपरातूनच सुरू होते. फेब्रुवारी १९७६ मध्ये एनएमईत पिस्टल्सचा एक रिव्ह्यू आला, तो वाचून हॉवर्ड डिव्होटो आणि पीट शेली ही बोल्टनच्या कॉलेजातली दोन पोरं त्यांना बघायला लंडनकडे गेली आणि मग त्यांनीच लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये त्यांचा शो लावला. पुढे त्या दोघांचा बझकॉक्स हा बँड झाला. आता त्या इमारतीत हॉटेल आहे. शो बघून जवळच्या स्ट्रेटफर्डच्या एका पोराने एनएमईला पत्र पाठवलं, ते छापूनही आलं, तो पोरगा म्हणजे पुढे द स्मिथ्स बँडचा गायक झालेला मॉरिसी. बँड निघण्याच्या कितीतरी आधीपासून हा माणूस संपादकांना पत्रं लिहून पिडत होता, मला तर तेच जास्त आवडलं.

म्हणून मी कव्हरच्या मागे लागत नाही. गायक डेव्हिड बोवीच्या मुलाखतीचा मेलडी मेकर, २२ जानेवारी १९७२ चा, सगळ्यांनाच हवा असतो आणि भाव ऐकून मी पुढे सरकतो. मला मागची पानं हवीत, पत्रं, गिगच्या याद्या, आणि 'वादक पाहिजेत'वाल्या छोट्या जाहिराती. १९७० मध्ये मेलडी मेकरमधली अशीच एक जाहिरात बघून फिल कॉलिन्स जेनेसिस बँडमध्ये ड्रमर झाला, आणि त्याच वर्षी गिटारिस्ट स्टीव्ह हॅकेटने स्वतःचीच जाहिरात दिली तर जेनेसिसचा गायक पीटर गॅब्रिएलचा फोन आला. नोकरी डॉट कॉमच म्हणा की!

सध्या शोधतोय तो जून १९७७ चा एनएमई. आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीबद्दल त्यात मथळ्यातच विचारलंय की हा माणूस मूर्ख आहे का. तेव्हा पंकची हवा होती आणि समीक्षकांना फ्रेडीचा बँड क्वीन म्हणजे नुसता थाट वाटायचा. मुलाखत एकतर्फी आहे असं ऐकलंय, तरी मला तो अंक पाहिजेच, घरी फ्रेम करून लावणार आणि बायको काय म्हणायचं ते म्हणेल.

मिळाला तर न्यूजप्रिंट उन्हात ठेवायचा नाही, पिवळा पडून कडा तुटतात, आणि सेलोटेप तर अजिबात नको. अ‍ॅसिड-फ्री कव्हरात सपाट ठेवायचा. तिकडे कुणाच्या माळ्यावर कलकत्त्याच्या ज्युनियर स्टेट्समन या तरुणांच्या नियतकालिकाचे, म्हणजे १९६७ ते ७७ मधल्या जेएसचे अंक असतील तर प्लीज रद्दीत देऊ नका, डिसेंबरमध्ये येतोय, स्वतः येऊन घेऊन जाईन.