चांगला नर विकू नका

आमच्या आर्वीकडे गवळाऊ बैल बघायला गेलात ना, तर मालक आधी चहा पाजेल आणि मग बैलाची आई कोणाकडची, बाप कोणत्या गावचा, आजी कशी होती, सगळं तोंडपाठ सांगेल. नागपुरी म्हशीचंही तसंच. आता त्याच गावाबाहेरच्या विटभट्टीवर जा आणि एखाद्या गाढवाचा बाप कोण म्हणून विचारा. माणूस तुमच्या तोंडाकडे बघत राहतो. कोणालाच माहीत नसतं, कारण कोणी ठरवून नर दाखवलेलाच नसतो, मोकळं सोडलेलं असतं, जो जवळ होता तो बाप.

आम्ही बेलदार. आज्याच्या काळात विहिरीचा मुरूम, तलावाची माती, बंधाऱ्याचा दगड सगळं गाढवांच्या पाठीवरून जायचं, बानंही तेच केलं. मग ट्रॅक्टर आले, जेसीबी आले, भाऊबंदांनी एकेक करून गाढवं विकली, मी ठेवली. नुसती ठेवली नाही तर वाढवली, आता माझं काम म्हणजे गाढवांची आणि जमेल तशी खेचरांची पैदास करणं, त्यांना कामाला शिकवणं आणि जिथं कोणी ऐकून घेईल तिथं त्यांच्या बाजूनं बोलणं. लोक म्हणतात, "काहून बाप्पा, पोरासारखं जपू राह्यला गध्याले?" हो, जपतो.

मला जे सांगायचंय ते एवढंच की गाढव आपोआप होतं ही समजूत सोडा. गेली कित्येक वर्षं आपल्या भागात काय होतंय बघा, कळपात एखादा उंच, सरळ पायाचा, शांत डोक्याचा नर निघाला की त्यालाच पहिलं गिऱ्हाईक येतं, दोन पैसे जास्त मिळतात म्हणून तो जातो आणि मागे राहतो कोण, तर बुटका, वाकड्या पायाचा, कोणी न घेतलेला. पुढची सगळी शिंगरं त्याची. असं पिढ्यान् पिढ्या झालं की जनावर लहान होत जातं आणि मग आपणच म्हणतो की आजकालच्या गाढवात दम नाही. गुजरातेत पांढरं हालारी आहे, कच्छी आहे, हिमाचलात स्पिती आहे, या जातींची रीतसर नोंद झालीय. आपल्याकडच्या गाढवाला कोणी मापसुद्धा लावत नाही. मी लावतो. खांद्यापाशी उंची, छातीचा घेर, खुराचा आकार, दोन्ही अंड खाली उतरलेत का, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्याची माय कशी होती. चावरी, लाथाळी माय असेल तर नर कितीही देखणा असू द्या, मी घेत नाही.

आणि आता निवडायलाही फार उरलं नाही. २०१२ च्या पशुगणनेत देशात साधारण ३ लाख २० हजार गाढवं होती, २०१९ च्या गणनेत १ लाख २० हजार. खेचरं १ लाख ९६ हजारांवरून ८४ हजारांवर आली. यंत्रं आली हे एक कारण झालंच, पण कातडीचा धंदाही आहे. चीनमध्ये गाढवाच्या कातड्यापासून एजियाओ नावाचं औषध करतात, त्याच्यापायी आफ्रिकेतली गाढवं इतकी कापली गेली की २०२४ मध्ये आफ्रिकी देशांच्या संघटनेनं कातडीसाठी कापण्यावर बंदी घातली. आपल्याकडे गाढव कापणं कायद्यात बसत नाही तरी आंध्रात त्याचं मटण विकलं जातं हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून अनोळखी माणूस गाडी घेऊन आला आणि म्हातारी, लंगडी, कशीही द्या म्हणाला तर मी त्याला दारातूनच परत पाठवतो.

खेचराचं काम त्याहून अवघड. गाढव नर आणि घोडी यांचं शिंगरू म्हणजे खेचर, घोड्याचे ६४ गुणसूत्र, गाढवाचे ६२, खेचराचे ६३, म्हणून त्याची पुढे वीण नाही, प्रत्येक खेचर नव्यानं घडवावं लागतं. त्यात अडचण अशी की जो नर गाढविणींतच वाढलाय तो पुष्कळदा घोडीकडे बघतही नाही. त्यामुळे खेचरासाठी ठेवायचा नर दूध तुटलं की घोड्यांतच वाढवायचा, त्याला तेच आपले वाटले पाहिजेत. गाढवीण साधारण बारा महिने गाभण राहते, घोडी अकरा, पोटात खेचर असेल तर थोडे दिवस वर जातात. आणि खेचर जन्मलं की पहिले दोन दिवस मी गोठ्यातून हलत नाही. काही वेळा घोडीच्या चिकातच शिंगराच्या रक्ताविरुद्ध काहीतरी तयार झालेलं असतं, ते पिल्यावर शिंगराच्या तांबड्या पेशी फुटायला लागतात, जन्मताना टुणटुणीत असलेलं पिल्लू दुसऱ्या दिवशी मान टाकतं. पापणी उलटून बघायची, आत पिवळं दिसलं की आईपासून लगेच बाजूला करायचं, घोडीचा चीक पिळून टाकायचा, शिंगराला दुसरं दूध पाजायचं आणि डॉक्टरला बोलवायचं. खेचरात हे घोड्यापेक्षा जास्त होतं. गावात लोक याला नजर लागली म्हणतात आणि लिंबू बांधतात, त्यात वेळ जातो आणि पिल्लू जातं.

शिकवण्याबद्दल लोक मला एकच विचारतात, हट्ट कसा मोडता. मी मोडत नाही, कारण तो हट्ट नसतोच. घोडा घाबरला की पळतो, गाढव घाबरलं की थांबतं. ते उभं राहून समोरचं नीट बघत असतं. पावसाळ्यात नाल्याला पाणी असलं की हे रोजचंच, गढूळ पाण्याचा तळ दिसत नाही म्हणून नवं गाढव काठावर खुंटा ठोकल्यासारखं उभं. तुम्ही मागून काठी हाणली तर त्याला पटतं की पाण्यात खरंच धोका आहे, बघा माणूसही पिसाळलाय. मी काय करतो, एक जुनी जाणती गाढवीण पुढे घालतो, आपण स्वतः पाण्यात उतरून उभा राहतो आणि म्होरकीची दोरी सैल ठेवतो, ओढायची नाही. वेळ लागतो, कधी कधी अख्खी सकाळ जाते. पण एकदा पार झालं की ते जनावर जन्मभर त्या नाल्याला अडत नाही. पाठीवर ओझं मी चार वर्षांचं झाल्याशिवाय टाकत नाही, त्याआधी रिकामी गोण, मग भुसा भरून, मग पुढे. भट्टीवर दोन वर्षांच्या पिल्लावर विटा लादतात आणि सातव्या-आठव्या वर्षी पाठ बसली म्हणून विकतात, जे जनावर पंचवीस-तीस वर्षं जगू शकतं ते.

ओझ्याचा कायदाही आहे बरं का, १९६५ चे नियम आहेत, गाढवाला ५० किलो, खेचराला २०० किलो, आणि जिथं पारा ३७ च्या वर जातो तिथं दुपारी बारा ते तीन जनावर कामाला लावायचं नाही. आता विदर्भात एप्रिल-मे मध्ये असे किती दिवस ३७ च्या खाली असतात सांगा. म्हणजे उन्हाळाभर आपल्याकडे दुपारी गाढव सावलीतच पाहिजे, दयेनं नाही, कायद्यानं. मी त्या नियमाची मराठी प्रत काढून भट्ट्यांवर वाटतो.

तसं ऊन गाढव सोसतं, मूळ वाळवंटातलं जनावर आहे. त्याला खरा त्रास आपल्या पावसाळ्याचा. त्याच्या अंगावरचे केस पाणी धरतात, घोड्यासारखं ओघळून जात नाही, आणि काळ्या मातीचा चिखल खुरात बसला की खूर आतून कुजतो, वास येतो. वरून पक्कं छप्पर, खाली मुरूम, आणि दीड-दोन महिन्यांनी खूर तासणं. चाऱ्याला कडबा, गव्हाचं कुटार. ढेप, हरभरा प्रेमानं घालू नका, पोटभर सकस खाऊन गाढवाचे खूर आतून सुजतात आणि ते पायानं अधू होतं. आणि एकटं कधी ठेवू नका. त्याची जोडी जमलेली असते, एक विकलं की दुसरं खाणं सोडतं आणि उपाशी गाढवाच्या रक्तात चरबी चढते, त्यात ते मरू शकतं. मी म्हणून जोडीच विकतो, नाही परवडत तर घेऊ नका.

नाकपुड्या चिरण्याबद्दल तर मी भांडतोच. श्वास मोकळा होतो म्हणे. काही होत नाही, धूळ आत जाते आणि जखम चिघळते. गाडगेबाबा आमच्या अमरावतीकडचे, दशसूत्रीत मुक्या प्राण्यांना अभय सांगून गेले, त्यांच्या फोटोला हार घालणारेही ब्लेड घेऊन चिरताना मी बघितलेत.

मान देणारे पण आहेत. अकोटला भोई समाजाची माणसं पोळ्याला गाढवांना न्हाऊ घालून, रंगवून, पूजा करतात. फौजेत पेडोंगी नावाचं खेचर होतं, १९७१ च्या लढाईत पाकिस्तानच्या हाती लागलं आणि पाठीवरच्या सामानासकट आपल्या बाजूला परत आलं, सैन्यानं त्याचा सत्कार केला.

दुधाच्या नादाला मात्र लागू नका. गाढवीण दिवसाला लिटरभरसुद्धा देत नाही, त्यातलं शिंगराचं काढून घेऊन कोणी श्रीमंत होत नाही.

फेब्रुवारी २०२४ पासून राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडा, गाढव, खेचर, उंट यांच्या पैदाशीलाही ५० टक्के अनुदान आहे, ५० लाखांपर्यंत. बचत गटही अर्ज करू शकतो. आमच्या बेलदार, वडार, कुंभार, भोई बायकांचे गट आहेत, त्यांनी शेळीसोबत हाही अर्ज करावा असं मी प्रत्येक मिटिंगमध्ये सांगतोय. नागपूरला पशुवैद्यकीय कॉलेज आहे, विद्यापीठ आहे, गवळाऊसारखी विदर्भाच्या गाढवांची मापं घ्यायला कोणी विद्यार्थी तयार असेल तर माझा गोठा उघडा आहे, माझ्या वह्या आहेत, कोणतं शिंगरू कोणाचं ते सगळं लिहिलेलं आहे.

आणि वर्धा, अमरावती, यवतमाळकडे कोणाच्या कळपात उंच, शांत नर असेल तर विकायच्या आधी मला कळवा. विकत नाही घेतला तरी दोन हंगाम माझ्या गाढविणींत ठेवू द्या, चारा-पाणी माझं, आणि होणाऱ्या शिंगरांतलं एक तुमचं.