मॅरिएल थॉम्पसनचा गुडघा

सात महिने झाले माझी एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या मधोमधचं लिगामेंट, जाऊन. परळला मॅच होती, चढाईला गेले, बोनस घेतला आणि परत वळताना डावा पाय मॅटवर तसाच रुतून राहिला, गुडघा फिरला, आत टक् वाजलेलं मलाच ऐकू आलं. कबड्डीवाल्यांना पुढचं सांगायला नको. ऑपरेशन, बेल्ट, करी रोड स्टेशनचा जिना चढायचा म्हणजे घाम, आणि चाळीत जो भेटेल तो आईला विचारणार, आता खेळणार का हो ती?

रात्री झोप यायची नाही तेव्हा मोबाईलवर कोणाकोणाची एसीएल गेली होती तेच शोधत बसायचे, त्यात ही कॅनडाची मॅरिएल थॉम्पसन सापडली. स्की क्रॉसवाली. मला तोवर स्कीइंग म्हणजे एकेकटा माणूस घड्याळाशी रेस लावत खाली येतो एवढंच माहीत. इथे चौघी एकदम गेटमधून सुटतात, पुढे बर्फाचे उंचवटे, बांध घातल्यासारखी तिरकी वळणं, मोठाल्या उड्या, आणि जी लाइन एकीला पाहिजे तीच बाकी तिघींना पण पाहिजे. पहिल्या दोघी पुढच्या राउंडला, बाकीच्या बाहेर. मुद्दाम ढकललं तर कार्ड निघतं, पण चौघी एकाच वळणात घुसल्या की धक्का लागतोच. अंगाला अंग भिडणारा खेळ, म्हणून मला लगेच आपला वाटला.

ही व्हिस्लरची. आधी अल्पाइन, म्हणजे ते घड्याळाशी रेसवालं स्कीइंग, करायची, भाऊ ब्रॉडरिक पण अल्पाइन रेसर, मग ही स्की क्रॉसकडे वळली आणि 2012 ला क्रिस्टल ग्लोब, म्हणजे अख्ख्या वर्ल्ड कप सीझनची ट्रॉफी, जिंकली पण. 2014 ला सोचीत ऑलिंपिक गोल्ड, तेव्हा फक्त 21 वर्षांची. 2014 आणि 2017 ला अजून दोन ग्लोब. आणि ऑक्टोबर 2017 ला ट्रेनिंगमध्ये गुडघा गेला. एसीएल आणि एमसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतल्या बाजूचं लिगामेंट, दोन्ही. प्योंगचांग ऑलिंपिक फेब्रुवारीत.

चार महिने हो! चार महिन्यांनी मी आमच्या गल्लीत सरळ रेषेत हळूहळू धावत होते आणि त्याचाच आईला केवढा आनंद झाला होता. ही चार महिन्यांनी ऑलिंपिकच्या स्टार्ट गेटला उभी. पहिल्याच हीटमध्ये, म्हणजे पहिल्या राउंडच्या रेसमध्ये, पडली, बाहेर. गोल्ड तिच्याच टीमच्या केल्सी सेरवाला मिळालं, सिल्व्हर ब्रिटनी फेलनला.

तिच्या करिअरबद्दल लिहिताना लोक पदकं मोजतात आणि ही हीट एका ओळीत उरकतात, मला ते पटत नाही. सोचीच्या पोडियमवर तिच्याबरोबर ब्राँझ घेऊन उभी होती ती स्वीडनची अॅना होल्मलुंड, डिसेंबर 2016 मध्ये इटलीत इनिकेनला ट्रेनिंग करताना पडली आणि मेंदूला जबर मार बसला, कितीतरी दिवस कोमात होती. 2012 ला ग्रिंडेलवाल्डला निक झोरिचिच हा कॅनडाचाच रेसर चालू रेसमध्ये पडून जिवानिशी गेला. हे सगळं माहीत असून, गुडघा अजून कच्चा असताना गेटचं हँडल धरून उभं राहायचं. मी पन्नास वेळा तरी विचार केला असेल की तिने उतरायला नको होतं, आणि तरी पुन्हा पुन्हा वाटतं की मी पण उतरले असते. माझ्या फिजिओ मॅडमना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, तिच्या पाठीशी अख्खी टीम आहे, तुझ्या पाठीशी मी आहे, परत खेळायला नऊ महिने म्हणजे नऊ महिने. बरोबरच आहे त्यांचं.

पुढच्या वर्षी, 2019 ला, युटाला ती वर्ल्ड चॅम्पियन झाली. 2022 ला बीजिंगला सिल्व्हर, पुढे फक्त सँड्रा नॅस्लुंड, जी त्या सीझनला कोणालाच आवरत नव्हती. आणि 2024 ला चौथी ग्लोब, म्हणजे पहिलीनंतर बारा वर्षांनी, तोच गुडघा घेऊन.

बीजिंगची फायनल मी किती वेळा बघितली असेल, प्रत्येक उडीनंतर ती जमिनीवर टेकते तेव्हा माझी नजर तिच्या गुडघ्यावरच जाते.

गुरुवारी एका पायावर लांब उडीची टेस्ट आहे, डाव्याची उडी उजव्याच्या नव्वद टक्के तरी यायला पाहिजे, मागच्या वेळी ब्याऐंशी आली होती.