कोरे चौकोन

रात्री साडेअकरा.

तुरुंगातून सुटून माझ्याकडे मदतीला आलेल्या एकाचा नोकरीचा अर्ज. सगळा भरलेला होता. नाव, पत्ता, सुतारकामाचा अनुभव. फक्त ‘आपणास कधी शिक्षा झाली आहे का?’ याच्यापुढचे दोन्ही चौकोन कोरे. ‘होय’पाशी शाईचा बारीक ठिपका, पेन टेकवून उचललेलं. तो ठिपका काही केल्या डोळ्यांपुढून हलत नाही.

‘नाही’वर खूण केली आणि पडताळणीत सापडलं, की खोटी माहिती दिली म्हणून काढतात, काम कितीही चोख असो. ‘होय’ म्हटलं तर अर्ज बाजूला. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डेव्हा पेजर यांनी २००३ साली तिथल्या मिलवॉकी शहरातले आकडे मांडले. सारख्याच पात्रतेच्या गोऱ्या उमेदवारांत गुन्ह्याची नोंद नसलेल्या ३४ टक्क्यांना मालकांनी पुढे बोलावलं, नोंद असलेल्या १७ टक्क्यांना. काळ्यांमध्ये १४ आणि ५. हे आकडे तोंडपाठ असूनही आज त्याच्यापुढे मला एक शब्द फुटला नाही. बहिणीला काय सांगू, म्हणाला. असो.

पण प्रश्न विचारायचाच असेल, तर तो आधी का? अमेरिकेतल्या हवाई राज्याने १९९८ मध्येच कायदा केला: आधी नोकरी देऊ करा, मग विचारा, आणि त्या गुन्ह्याचा त्या कामाशी संबंध असेल तरच नकार द्या. नुसता चौकोन खोडून मात्र भागत नाही. न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क शहरात तो काढल्यावर काही मालक नावावरून वंशाचा अंदाज बांधू लागले, आणि नोंद नसलेले काळे उमेदवारही मागे पडले. म्हणून गुन्हा कोणता, त्याला किती वर्षं झाली, काम कोणतं, हे तीन मुद्दे मालकाने प्रत्येक माणसापुरते कागदावर लिहून ठेवायला हवेत.

तो चौकोन माझ्या हातात नाही. आता हे लिहिताना ते जरा कमी बोचतंय. बाकीचं हातात आहे. सुटकेनंतर द्यावी लागणाऱ्या हजेरीची वेळ कामाच्या पाळीवर येत असेल, तर रुजू होण्याआधीच बदलून मागायची. पहिल्या महिन्यातल्या खाड्यांनीच नोकरी जाते. तुरुंगातली वर्षं अर्जात कोरी ठेवायची नाहीत. तिथल्या कारखान्यात कोणती यंत्रं चालवली, किती जणांना शिकवलं, ते लिहायचं. आणि मुलाखतीसाठी तीन वाक्यं: काय घडलं, त्यानंतर काय केलं, आज काय येतं. मोठ्याने दहा वेळा म्हणायची. पहिल्या वाक्याला आवाज बसतो, म्हणून सराव तिथूनच.

उद्या नवा कोरा अर्ज घेऊन जाईन.