परकीय शत्रूची कृती

माझ्याबरोबर सुपरहीरोंचे सिनेमे बघायला घरातलं कोणी खुशीने येत नाही. मी गाड्यांच्या विम्याचा सर्व्हेअर. अपघात झाला, गाडी पाण्यात गेली, वर झाड पडलं की विमा कंपनी मला पाठवते. मी फोटो काढतो, काय बदलायचं आणि काय ठोकून सरळ होईल ते लिहितो. २७ वर्षं हेच केल्यावर डोळ्यांना खोड लागते. पडद्यावर कोणीतरी कोणाला तरी उचलून एका मोटारीवर आपटतो, टप सीटपर्यंत खाली बसतं, काचांचा चुरा उडतो, सगळं थिएटर शिट्ट्या मारतं आणि मी अंधारात पुटपुटतो, "पिलर गेले. टोटल लॉस." शेजारच्या खुर्चीवरून भाचा म्हणतो, "मामा, प्लीज."

हा भाचा पुण्याच्या ताईचा मुलगा. इंजिनिअरिंगला नाशकात नंबर लागला तेव्हापासून आमच्याकडे असतो. तिकिटं तो काढतो, पैसे मी देतो. सिनेमा संपून नावं वर सरकायला लागली तरी उठायचं नाही, शेवटी अजून एक सीन असतो, हे शिक्षणही त्याचंच. २०२५ च्या मोसमात आम्ही असे तीन सिनेमे बघितले. त्यातल्या दोन सिनेमांना आई बरोबर होती. आईला ८१ वं लागलंय, माहेर एरंडोलचं, आणि 'घरात बसून काय करू' हे तिचं कुठेही येण्याचं कारण.

या सिनेमांना म्हणतात समर रिलीज. समर अर्थात अमेरिकेचा. तिकडे शाळांना सुट्ट्या असतात आणि इकडे आपण छत्र्या झटकत थिएटरात शिरतो. सुपरमॅन ११ जुलैला आला, तेव्हा आदल्या दिवशी गुरुपौर्णिमा झालेली. फॅन्टास्टिक फोर आला २५ जुलैला, म्हणजे श्रावणाच्या पहिल्या दिवशी, दिव्याच्या अवसेच्या दुसऱ्या दिवशी. सगळ्या खुर्च्यांच्या पाठींवर ओले रेनकोट, खाली पाण्याची ओघळं आणि हॉलभर त्या दमट रबराचा वास. समरची मजा ती हीच.

खरा उन्हाळा एकाच्याच वाट्याला आला. थंडरबोल्ट्स महाराष्ट्र दिनाला लागला. दुपारचा शो होता, आणि माणसं सिनेमाला आली होती की एसीला, ते सांगता येत नव्हतं. या सिनेमाच्या नावापुढे एक चांदणी होती. आमच्या धंद्यात चांदणी दिसली की खाली बारीक अक्षरात अटी असतात, म्हणून मी पहिल्यापासून सावध. शेवटी कळतं की या मंडळींचं खरं नाव 'द न्यू अव्हेंजर्स'. म्हणजे अटी लागूच होत्या.

पण तिघांत मला हाच जास्त आवडला. यातले हीरो म्हणजे कोणीतरी वापरून फेकून दिलेली माणसं, आणि त्यांच्यात चुकून येऊन पडलेला बॉब नावाचा एक बावळट पोरगा. त्याच्या अंगात अचाट ताकद आहे आणि तितकाच मोठा काळोख. तो काळोख बाहेर पडतो तेव्हा न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरची माणसं एकेक करत जमिनीवरचे काळे डाग होऊन जातात. शेवटी बॉब त्या काळोखाला बडवायला लागतो, आणि जितका बडवतो तितका काळोख त्यालाच गिळत जातो. मग त्या फेकलेल्या माणसांतली येलेना जाऊन त्याला धरते, घट्ट. बाकीचेही येऊन धरतात. बस्स. माणसं पुन्हा रस्त्यावर उभी. सर्व्हेअर म्हणून सांगतो, इतका स्वच्छ निकाली निघालेला क्लेम मी बघितलेला नाही. सुरुवातीचा अर्धा तास त्यांनी एकमेकांना टोमणे मारण्यात घालवला, तो वाचवला असता तर अजून बरं झालं असतं.

बाहेर आलो तर गाडीची सीट तव्यासारखी. भाचा मागे बसला आणि नेहमीसारखी बडबड नाही. एरवी थिएटर ते घर या वाटेवर तो कोणाची ताकद कोणापेक्षा जास्त हे मला पाठ करायला लावतो. सिबल नाक्याच्या सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाला, "मामा, आमच्या वर्गात एक जण आहे. प्रॅक्टिकलला येतो, कोणाशी बोलत नाही, जातो." सिग्नल सुटला. मी काही विचारलं नाही. दोन दिवसांनी तो मुलगा आमच्याकडे जेवायला आला होता, आणि खरंच बोलत नव्हता. आईने त्याला चार पोळ्या वाढल्या.

जून-जुलैत माझं काम वाढतं ते गोदेमुळे. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नदीकाठी लावलेल्या गाड्यांची पळापळ होते. रामकुंडाजवळ नदीच्या पात्रातच दुतोंड्या मारुती उभा आहे, तोच नाशिककरांचा मापदंड. पाणी मारुतीच्या पायाला लागलं, गुडघ्याला आलं, कमरेला आलं, असं शहरभर बोललं जातं. क्युसेकचा आकडा मागाहून कळतो. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टात मारुती पूर्ण पाण्याखाली गेला होता. त्या दिवसांत मी अशा गाड्या पाहिल्यात की सीटखालून गाळ खरवडताना पूजेची सुपारी आणि झेंडूची फुलं निघावीत. मालक विचारतो, काय हो साहेब, चालू करून बघू का? मी हात जोडतो. पाणी शिरलेलं इंजिन चालू केलं की आतला दांडा वाकतो, आणि ते नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही. बंद गाडी ढकलत न्यावी. एवढं एक वाक्य लोकांनी ऐकलं तर माझं निम्मं काम कमी होईल.

आता मेट्रोपोलिस. सुपरमॅनमध्ये या शहराची जमीन मधोमध फाटते आणि टॉवर पत्त्यांसारखे कोसळतात. खाली किती गाड्या उभ्या असतील! मला पॉलिसीतला एक परिच्छेद आठवला. काय काय भरून मिळणार नाही त्याची ती यादी : युद्ध, आक्रमण, परकीय शत्रूची कृती. सुपरमॅन हा क्रिप्टॉन ग्रहावरचा. परकीय तर आहेच. शत्रू आहे की नाही, यावरच तर सगळा सिनेमा. खलनायक ल्यूथर बोंब मारतो की हा बाहेरून आलेला, आपल्यावर राज्य करायला आलेला. मला तेव्हा एकदम कळलं की ल्यूथरच्या मागे नक्की विमा कंपन्या असणार. तो शत्रू ठरला तर एक पैसा द्यायला नको.

आई तेव्हा एसीला वैतागून शाल गुंडाळून बसली होती. त्याआधी दारावर तिची पिशवी तपासून चिवड्याची पुडी काढून घेतली होती, त्याचा राग होताच. आत पॉपकॉर्नचा भाव ऐकल्यावर तो रामकुंडाच्या पुरासारखा चढला. "कितला पैसा लागनात?" ती दर पाच मिनिटांनी विचारत होती. भाच्याने मुद्दाम हिंदीतला शो धरला होता, पण आई संवाद ऐकत नव्हती, चेहरे बघत होती. मग एक राक्षसी प्राणी शहरात थैमान घालतो, सुपरमॅन धावत सुटतो, आणि त्या धुमाळीत एक खार दिसते. तो थांबतो. खारीला उचलतो आणि सुरक्षित जागी नेऊन सोडतो.

"खारुताई!" आई मोठ्याने म्हणाली. पुढच्या रांगेतली दोन डोकी वळली. पंचवटीच्या गावात सेतूची खार कोणाला सांगावी लागत नाही. रामाने पाठीवरून बोटं फिरवली आणि पट्टे उठले. मी मात्र वेगळ्या कारणाने खूश झालो. विम्यात मालकावर एक जबाबदारी असते, की नुकसान झालं तरी ते आणखी वाढू नये म्हणून धडपड करायची. इतक्या वर्षांत पडद्यावरचा एकही हीरो मला ही अट पाळताना दिसला नव्हता. हा पाळत होता. समोरचा राक्षससुद्धा मारू नका, म्हणत होता.

पुढे सिनेमा एका खिशातल्या विश्वात शिरला आणि आई झोपली. मीही जांभया दिल्या. पण एका गोष्टीचा मला अजून राग आहे. पहिल्याच मारामारीत सुपरमॅन रस्त्यावर खड्डा पाडून त्यात पडतो, तेव्हा त्याला हात द्यायला कोण येतं? फलाफल विकणारा मलिक. पुढे ल्यूथर त्याच मलिकला पकडून आणतो आणि सुपरमॅनच्या देखत गोळी घालतो. गोळीच्या आवाजाने आई जागी झाली. "कोण, तो वडेवाला? मरी गया का तो?" हो म्हटलं. ती सरळ होऊन बसली आणि त्याच्या घरच्यांना कधी दाखवतील याची वाट बघत राहिली. दाखवले नाहीत. त्याची गाडी रस्त्यात कुठे उभी राहिली, कोणी हलवली, काही नाही. दहा मिनिटांत सगळे पुन्हा उडायला लागले. आपल्याकडे सेन्सॉरने सुपरमॅन आणि त्याची मैत्रीण लोइस यांच्या चुंबनाची ३३ सेकंदं कापली म्हणे. ती ३३ सेकंदं मलिकच्या घरी द्यायची.

सुपरमॅनबरोबरच्या कुत्र्याने मात्र आईला जिंकलं. ते उनाड कुत्रं त्याचं नाहीच, चुलत बहिणीचं आहे, तो नुसता सांभाळतोय, हे शेवटी कळल्यावर तिने माझ्याकडे आणि मग भाच्याकडे असं काही बघितलं की आम्ही दोघं पडद्याकडे बघू लागलो.

त्र्यंबकेश्वरला जाताना डावीकडे अंजनेरीचा डोंगर लागतो, हनुमानाचं जन्मस्थान म्हणून. त्र्यंबकेश्वरातच १८७० साली दादासाहेब फाळके जन्मले. त्यांनी १९१७ साली लंकादहन केला, तेव्हा सुपरमॅन कागदावर यायलाही २१ वर्षं बाकी होती. राम आणि सीता, दोन्ही कामं अण्णा साळुंक्यांची. एका उड्डाणात समुद्र ओलांडायचा, शेपटीने शहर पेटवायचं, आणि सीतामाई आहे त्या झाडाला धग लागू द्यायची नाही. लंकेचा पंचनामा कोणी केला नसेल, पण काय जाळायचं आणि काय नाही ते मारुतीला ठाऊक होतं.

फॅन्टास्टिक फोर रविवारी बघितला. साठच्या दशकातलं वाटावं असं शहर, गोलसर गाड्या, फिरते काळे-पांढरे टीव्ही. ते सगळं मला फार गोड वाटलं. यात मुख्य भानगड म्हणजे चौघा हीरोंतली स्यू गरोदर आहे, आणि गॅलॅक्टस नावाचा अवाढव्य प्राणी ग्रह खात सुटलाय. तो म्हणतो, तुमचं मूल द्या, पृथ्वी सोडतो.

"हा तर बकासुर," आई म्हणाली.

एरंडोलला लोक एकचक्रा नगरी मानतात. तिथे पांडववाडा आहे, आणि बकासुर मारला तो जवळच्या पद्मालयाला, असं आई लहानपणापासून ऐकत आलेली. गाडाभर अन्न आणि घरटी एक माणूस. त्यामुळे ती या सिनेमात एकदम माहेरची असल्यासारखी बसली आणि परीक्षकही झाली. सिनेमातले चौघं परत येतात, पत्रकारांसमोर उभे राहतात, आणि स्यूचा नवरा रीड सगळं खरं सांगून टाकतो : त्याने मूल मागितलं, आम्ही नाही म्हटलं. खालची गर्दी बिथरते. तीन सिनेमांतला सगळ्यात धीट प्रसंग हाच, असं माझं मत. हीरोने आपलं घर आधी धरलं आणि लपवलं नाही. आईला पटलं नाही. "कुंतीने दुसऱ्याचं पोर वाचवायला आपलं पाठवलं. ही आपलंच कवटाळून बसली."

"आजी, भीम मोठा होता. हे आठ दिवसांचं आहे," भाचा म्हणाला.

"मग हिने जावं."

आणि खरंच, शेवटी स्यूच पुढे होते. एकटी त्या धुडाला रेटत नेते आणि कोसळते. आईने डोळ्याला पदर लावला. बाळ तिच्या अंगावर सरकतं आणि ती उठते, तेव्हा आई एवढंच म्हणाली, "आता बरोबर." मग घरी निघताना जगातला सगळ्यात हुशार माणूस आणि त्याचे दोन जोडीदार मिळून बाळाची सीट गाडीत बसवायला झटतात आणि ती काही केल्या नीट बसत नाही. मला ते पटलं. शिकलेल्या आईबापांनी उलट्या बसवलेल्या अशा सीटा मी पाहिल्यात.

त्याच शुक्रवारी आपल्याकडचा महावतार नरसिंह हा कार्टूनपटही लागला होता. आमच्या शेजारच्या स्क्रीनमधून मध्येच गर्जना यायची आणि पोरांचा कल्ला. मध्यंतरात बाहेर आलो तर तिकडची गर्दी आमच्या तिप्पट.

पुढच्या शुक्रवारी आईची जिवतीची पूजा होती. देवघराशेजारच्या भिंतीवर तिने दरवर्षीसारखा जिवतीचा कागद लावलेला, त्यावर आघाड्याची माळ. भाचा दूध प्यायला आत आला आणि कागदासमोर थांबला. वर खांब फोडून आलेला नरसिंह. खाली कालियावर नाचणारा कृष्ण. मग पोरांनी वेढलेल्या जरा-जिवंतिका, एक पाळणा हलवतेय. सगळ्यात खाली हत्तीवरचा बुध आणि वाघावरचा बृहस्पती.

"आजी, ही टीम कोणाची?"

"पोरांची," आई म्हणाली. तिने त्याला पाटावर बसवून ओवाळलं, हातावर गूळ-फुटाणे ठेवले. मग मला बसवलं. मी ५४ वर्षांचा, हातात हेल्मेट, गुडघे दुमडत नाहीत. ताई पुण्याला, म्हणून तिच्या वाटच्या अक्षता आईने नेहमीप्रमाणे चारी दिशांना टाकल्या. उरलेल्या दोन-चार बोटांना चिकटल्या होत्या. त्या तिने क्षणभर बघितल्या आणि खिडकीकडे तोंड करून टाकल्या.

"या कोणाच्या?" भाच्याने विचारलं.

"त्या वडेवाल्याच्या आईच्या वतीने."

तेवढ्यात माझा फोन वाजला. घाटावर एक पांढरी गाडी दारापर्यंत गाळात होती, आणि मालकाने ती दोनदा चालू करून बघितली होती.